पहिला नंबर नफ्याला देऊ नका

वाचकांचं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी सोलापुरात पूर्व भागातल्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या, एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते. आमच्या प्राचार्यांनी यंदा मुलांसाठी शेअर बाजाराची आभासी स्पर्धा घ्यायचं ठरवलंय. प्रत्येक गटाला खोटे दहा लाख रुपये, सहा आठवडे खरेदी-विक्री, आणि ज्याचा नफा जास्त तो पहिला. यातून मुलांच्या अंगी उद्योजकता येईल असं सरांचं म्हणणं. शहरात ट्रेडिंगचे क्लास चालवणारे एक गृहस्थ अ‍ॅप, बक्षिसाचा टॅब, सगळं फुकट द्यायला तयार आहेत. पालकसभेत विषय निघाला तेव्हा यंत्रमागावर काम करणारे एक पालक उठून म्हणाले, "मॅडम, मटक्याच्या आकड्यापायी आमच्या घरात काय झालंय ते आम्हाला ठाऊक आहे. पोरांना ते शिकवू नका." मला उत्तर सुचलं नाही. त्यात बारावीतला एक मुलगा मोठ्या भावाच्या खात्यावर ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, खेळतो असं कानावर आलंय. वर्गात तो हीरो झालाय. माझं स्वतःचं ज्ञान म्युच्युअल फंडात दरमहा पैसे घालायच्या एका एसआयपीपुरतं आहे. स्पर्धा घ्यावी का? घेतली तर कशी?

एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर

मॅडम, सस्नेह नमस्कार.

स्पर्धा घ्या. क्लासवाल्या गृहस्थांना मात्र नम्रपणे नको म्हणा, आणि पहिला नंबर सगळ्यात जास्त नफ्याला देऊ नका. या दोन गोष्टी प्राचार्यांना पटल्या नाहीत तर स्पर्धा न झालेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नफ्याला नंबर का नको, ते आधी बघू, कारण बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. समजा तीस गट आहेत. त्यातल्या पंधरा गटांनी डोकं वापरून पैसे आठ-दहा कंपन्यांत वाटून ठेवले. सहा आठवड्यांत त्यांचं भांडवल दोन-तीन टक्के इकडे किंवा तिकडे होईल. उरलेल्या पंधरांनी दहाच्या दहा लाख एकेका छोट्या, उड्या मारणाऱ्या शेअरमध्ये घातले. त्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे बुडतील, पण एखाद्याच्या शेअरला लागोपाठ अप्पर सर्किट लागेल, म्हणजे तो रोज दिवसाची चढायची मर्यादा गाठेल, आणि तो गट चाळीस टक्के नफा घेऊन वर जाईल. कप त्याला मिळणार. त्या मुलांनी कंपनी काय बनवते हेसुद्धा वाचलेलं नसेल, तरी टाळ्या त्यांनाच. आणि विचार करून वागलेले पंधरा गट घरी जाताना एकच धडा घेऊन जातील, की विचार करणारा मागे पडतो.

यात मुलांचा दोष नाही. खोट्या पैशाच्या खेळात दुसरा आलेला आणि तिसावा आलेला सारखाच रिकाम्या हाताने जातो. बुडाल्याची झळ कोणालाच नाही. मग शेवटच्या आठवड्यात मागे पडलेला हुशार मुलगाही सगळं एका डावावर लावणार, कारण स्पर्धेचे नियम त्याला तेच करायला सांगतात. खऱ्या बाजारात हीच सवय किती महाग पडते याचे आकडे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबी या संस्थेनेच काढलेत. जुलै 2024 च्या तिच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये शेअर बाजारात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे व्यवहार, करणाऱ्या दर दहा सामान्य माणसांपैकी सात तोट्यात होते. तीस वर्षांखालच्यांत हे प्रमाण 76 टक्के, आणि एकूण इंट्राडेवाल्यांत या तरुणांचा वाटा 2018-19 च्या 18 टक्क्यांवरून 48 टक्क्यांवर गेलेला. तुमच्या वर्गातली मुलं दोन-तीन वर्षांत याच वयोगटात जाणार आहेत. त्यांना तिथे पाठवण्याची रंगीत तालीम आपण करून घ्यायची नाही.

क्लासवाल्यांचं थोडक्यात सांगते. कोणीही टॅब फुकट वाटत नाही. त्यांना हवे आहेत तुमच्या दोन-अडीचशे मुलांचे मोबाईल नंबर आणि 'कॉलेजच्या सहकार्याने' असं फलकावर लिहायची परवानगी. अठरा पूर्ण झालं की त्याच नंबरांवर शेअर ठेवायच्या डीमॅट खात्याची लिंक आणि हजारोंच्या कोर्सची जाहिरात जाईल. नियमांच्या बाजूनेही हे गोत्यात आणणारं आहे. चालू बाजारभावांवर आभासी ट्रेडिंग किंवा पैज लावणारे खेळ चालवणाऱ्या अ‍ॅपपासून दूर राहा, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. त्याआधी मे 2024 च्या परिपत्रकात अशा अ‍ॅपना चालू भाव पुरवायला शेअर बाजारांना मनाई केली, आणि गुंतवणूकदार शिक्षणाच्या नावाखाली भाग घेणाऱ्यांना पैशाचं आमिष दाखवायलाही. जानेवारी 2025 मध्ये आणखी कडक झालं: जे फक्त शिकवण्याचं काम करतात त्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्या शेअरबद्दल बोलायचं नाही. नियम बदलत राहतात, म्हणून सुरू करण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावर ताजं परिपत्रक पाहून घ्या. पण मी पुढे जी पद्धत सांगते आहे तिच्यात वर्षानुवर्षं जुने भाव वापरायचे आहेत, त्यामुळे ही अडचण येणारच नाही.

आणि गंमत म्हणजे जुन्या भावांमुळे स्पर्धा जास्त चांगली होते. सहा खऱ्या आठवड्यांत कुठलाही धंदा बदलत नाही, बदलतो तो फक्त भाव. कंपनीने माल किती विकला, कच्चा माल महागला का, उधारी वसूल झाली का, हे कळतं तिमाही निकालांतून, आणि सहा आठवड्यांत एखादाच निकाल हाती लागतो, कधी तोही नाही. मग मुलांनी भावाच्या रेषेकडे बघण्याशिवाय करायचं काय? त्याऐवजी जुन्या काळातले आठ महिने उचला आणि दर सोमवारी एक महिना पुढे सरका. आठ सोमवारांत दोन-तीन तिमाही निकाल येतील, एखादा अर्थसंकल्प, एखादा पाऊसकाळ येईल. भाव का हलला याचं कारण मुलांना दिसू लागेल.

यासाठी अ‍ॅप लागत नाही. राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार रोजचे भाव एका फाइलमध्ये आपापल्या संकेतस्थळावर ठेवतात. बाजारात तिला भावकॉपी म्हणतात. जुन्या तारखांची भावकॉपीही मिळते, फुकट. पंधरा कंपन्या निवडा, प्रत्येक महिन्याच्या अखेरचा भाव एका तक्त्यात उतरवा, झालं. एक काळजी घ्या: त्या आठ महिन्यांत बोनस (भागधारकांना फुकट जादा शेअर) दिलेल्या किंवा एका शेअरचे लहान तुकडे केलेल्या कंपन्या घेऊ नका. भावकॉपीत अशा दिवशी भाव एकदम अर्ध्यावर आलेला दिसतो आणि मुलं घाबरून विकून मोकळी होतात. साल मुलांना आधी सांगू नका. मोबाईलवर शोधतीलच, पण त्यासाठीही उपाय आहे, तो गुणांचं बोलताना सांगते.

कंपन्या कोणत्या? दोन तरी आपल्या गावच्या घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स 2016 मध्ये बाजारात आली. बालाजी अमाइन्सचं मुख्य कार्यालय इथेच, कारखाने चिंचोळी आणि तामलवाडीला. मुलांनी या पाट्या येता-जाता पाहिलेल्या असतात, पण आत काय बनतं हे फारच थोड्यांना माहीत असतं. (हा शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा सल्ला नाही, मॅडम. मुलांनाही हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा.)

कॅमशाफ्ट हा इंजिनातला दांडा. झडपा कधी उघडायच्या, कधी मिटायच्या हे तो ठरवतो. आता वर्गात एवढाच प्रश्न टाका: विजेवरच्या गाडीत इंजिन नसतं, मग कॅमशाफ्ट बनवणाऱ्याने काय करायचं? पाऊण तास वर्ग जागचा हलणार नाही. कोणी म्हणेल, जगात पेट्रोलच्या गाड्या अजून खूप वर्षं चालतील. कोणी म्हणेल, दुसरं काहीतरी बनवायला घ्यावं. मग त्यांना सांगा की या कंपनीने 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या, वाहनांच्या इलेक्ट्रिक यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता, आणि पुढच्या वर्षांचे वार्षिक अहवाल उघडून त्याचं काय झालं ते त्यांनाच शोधू द्या. चालता धंदा हातात असताना पुढच्या धंद्याची तजवीज कधी आणि किती करायची, हा उद्योजकाचा खरा प्रश्न. तो सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडून निघाला, तर प्राचार्यांना जी उद्योजकता हवी आहे ती हीच.

अमाइन्सच्या बाबतीत दुसरा धागा आहे. ही रसायनं औषधं, कीटकनाशकं अशा उद्योगांत कच्चा माल म्हणून जातात, आणि ती बनवायला स्वतःला मिथेनॉल, अमोनियासारखा कच्चा माल लागतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी भावाची ओढाताण. सूत महागलं आणि व्यापारी टॉवेलचा भाव वाढवून देईना, ही कुचंबणा तुमच्या निम्म्या वर्गाने घरात ऐकलेली असेल. फक्त ती ताळेबंदातही दिसते हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

सोलापुरातल्या लहान कारखानदारांचे हिशेब तपासण्यात माझी कामाची वर्षं गेली, म्हणून हे जास्त आग्रहाने सांगते. पूर्व भागातली मुलं वाणिज्यात मागे नसतात. येणी म्हणजे काय हे पुस्तकातून घोकणाऱ्या मुलापेक्षा, 'माल गेला, पैसे तीन महिन्यांनी' हे जेवताना ऐकणाऱ्या मुलीला ते जास्त कळलेलं असतं. अशाच एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. एका गटाच्या रजिस्टरमध्ये मुलींच्या अक्षरात चार ओळी होत्या: "या कंपनीचा नफा वाढला पण येणी त्याहून जास्त वाढली. माल गेलाय, पैसे आलेले नाहीत. बाबांच्या मालकांचं असंच झालं होतं आणि मग दोन महिने मजुरी थकली. म्हणून घेतला नाही." तो शेअर पुढे वाढला. नफ्याच्या यादीत मुली खालून तिसऱ्या होत्या. त्या सभागृहात कंपनीचा रोखीचा हिशेब उघडून पाहिलेल्या फक्त त्याच होत्या, आणि त्यांना उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस मिळालं नाही, कारण गुण फक्त नफ्याला होते. तुमच्या स्पर्धेत असं होऊ देऊ नका.

तर गुण कसे द्यायचे? शंभरपैकी चाळीस रजिस्टरला. प्रत्येक खरेदी-विक्रीपुढे तारीख, भाव आणि 'का' हे तीन-चार ओळींत, सोमवारी वर्गातच, शाईने, आणि खाडाखोड न करता. 'वाढतोय म्हणून घेतला' याला शून्य. 'स्वस्त झाला म्हणून घेतला' यालाही शून्य, जोपर्यंत कशाच्या मानाने स्वस्त ते लिहिलेलं नाही. तीस गुण तोंडी परीक्षेला. मोबाईलवर पुढचा भाव पाहून खरेदी केलेला गट इथे उघडा पडतो, कारण भाव शोधून मिळतो, त्यामागचं कारण मिळत नाही. वीस गुण हिशेबाला: खर्च धरून जमाखर्च जुळला का, एका कंपनीत भांडवलाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घातलं नाही ना, घसरण आली तेव्हा किती हात पोळले. उरलेले दहा नफ्याला. शून्य करू नका. बाजारात निकालालाही किंमत असते आणि मुलांना ते माहीत असतं.

खर्च धरण्याबाबत मी हटून बसेन. बहुतेक आभासी खेळांत खर्चाकडे कोणी बघत नाही, आणि उलाढाल करत राहिलं की पैसे मिळतात असा समज तिथेच पक्का होतो. साधं गणित फळ्यावर मांडा. एक लाखाचे शेअर घेतले आणि पुढच्या सोमवारी एक लाखालाच विकले. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवायच्या, व्यवहारावर रोखे व्यवहार कर घेताना 0.1 टक्का आणि विकताना 0.1 टक्का, म्हणजे दोनशे रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क 0.015 टक्के, पंधरा रुपये. भाव जागचा हललेला नाही आणि दोनशे पंधरा रुपये गेले. दलाली, जीएसटी आणि शेअर विकताना डीमॅट खात्याला लागणारं शुल्क अजून धरलेलंच नाही. असा फेरा दहादा केला की एकवीसशे पन्नास, म्हणजे लाखावर दोन टक्क्यांहून जास्त. बँकेतल्या ठेवीवर वर्षाला काय व्याज मिळतं ते मुलांनाच विचारा आणि शेजारी लिहा.

आणखी एक गट तुम्ही स्वतः चालवा. पहिल्या सोमवारी पंधराही कंपन्यांत सारखे पैसे घाला आणि शेवटच्या सोमवारपर्यंत हात लावू नका. शेवटी किती गट या न हललेल्या गटाच्या पुढे गेले, ते खर्च वजा करून जाहीर करा.

आता त्या पालकांबद्दल. त्यांच्या बोलण्याने तुम्ही अवघडलात, पण त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मुंबईत आकड्याचा जुगार सुरू झाला तो कापसाच्या भावावरून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला हे मुंबईत कळायचं आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. लावणाऱ्याला कापूस घ्यायचाही नसायचा, विकायचाही नसायचा. पुढे कापूस गेला आणि नुसते आकडे राहिले. गिरण्यांच्या गावांत त्याने कामगारांच्या घरात काय केलं हे त्यांनी सोसलंय. सहा आठवडे, वर की खाली, मोठ्या आकड्याला टॅब, अशी स्पर्धा घेतलीत तर तिच्यात आणि आकड्यात फरक काय, या त्यांच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.

उत्तर तेव्हा असेल, जेव्हा शेअर मुळात कशासाठी काढतात हे मुलांना कळलेलं असेल. त्यासाठी लांब जायला नको. वालचंद हिराचंद याच गावात 1882 मध्ये जन्मले. सोलापूरची जुनी गिरणी उभी करणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी आणि वालचंद, यांच्या पुढाकाराने 1919 मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. तिचं 'लॉयल्टी' हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं, म्हणूनच 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस. जहाज एकट्याच्या खिशातून येत नाही. हजारो लोकांनी थोडे थोडे पैसे घालायचे, जोखीम वाटून घ्यायची, आणि जहाज बुडालं तर घातलेल्या पैशापुरतंच बुडायचं, ही शेअरची मूळ कल्पना. पहिला तास यावर घ्या. आणि त्या पालकांना तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसवा. "हा शेअर का घेतला?" हे त्यांच्या डोळ्यांत बघून मुलाला सांगता आलं पाहिजे. इतका खरा परीक्षक तुम्हाला कुठे मिळणार नाही.

प्राचार्यांना मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगावी लागेल. ही स्पर्धा कितीही चांगली घेतली तरी उद्योजकतेचा अर्धाच भाग शिकवते. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, चौघांनी मिळून एकमत करणं, चुकलं तर ते कागदावर दिसणं, लोकांसमोर उभं राहून बोलणं, हे येतं. गिऱ्हाईक शोधणं, नाही ऐकून घेणं, उधारी मागणं, हे येत नाही. त्यासाठी विकायलाच लागतं. अमेरिकेत शाळांमधून चालणारा 'स्टॉक मार्केट गेम' 1977 पासून आहे, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून, 1919 मध्ये सुरू झालेल्या ज्युनियर अचीव्हमेंट या संस्थेच्या उपक्रमात मुलं स्वतःची छोटी कंपनी काढतात, तिचे शेअर विकतात, वस्तू बनवून बाजारात नेतात आणि शेवटी कंपनी गुंडाळून हिशेब देतात. माझा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे जास्त आहे. दोन्ही जोडता येतील. चार-पाच गटांना कॉलेजच्या मेळाव्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा स्टॉल लावू द्या, उरलेल्या गटांनी आपले खोटे पैसे या स्टॉलच्या खोट्या शेअरमध्ये घालावेत. मग बघा किती प्रश्न सुटतात: शेंगदाणे कुठून घेतलेत, भाकऱ्या कोण करणार, उरल्या तर काय? सोमवारी कंपनीचा अहवाल वाचताना जे प्रश्न त्यांना सुचत नव्हते ते इथे पटापट येतील, आणि पुढच्या सोमवारी ते कॅमशाफ्टवाल्यांनाही तेच विचारू लागतील.

बारावीतल्या मुलाचा विषय स्पर्धेपर्यंत थांबवू नका. त्याच्याशी या आठवड्यात बोला, एकट्याशी, आणि आधी ऐकून घ्या. वर्गासमोर नाव घेतलंत तर तो आणखी हीरो होईल. त्याच्याकडून एकच काम करून घ्या: ब्रोकरच्या अ‍ॅपमधून गेल्या सहा महिन्यांचा सगळा हिशेब, सगळे खर्च धरून, काढून आणायचा आणि तुमच्यासमोर बेरीज करायची. जिंकलेल्या दिवसाचा स्क्रीनशॉट सगळे दाखवतात, बेरीज कोणी दाखवत नाही. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात होते, तोटा सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. एक लाखाच्या वर नफा मिळवलेले अवघे एक टक्का. हे त्याला दाखवा, पण यावर विसंबू नका. प्रत्येक मुलाला आपण त्या एक टक्क्यातले वाटतो. त्याची स्वतःची बेरीजच त्याच्याशी बोलेल.

त्याला आणि त्याच्या भावाला हेही कळू द्या की खातं ज्याच्या नावाचं त्यानेच वापरायचं असतं. अठराच्या आतल्या मुलाच्या नावे पालक डीमॅट काढू शकतात, पण त्यात इंट्राडे किंवा ऑप्शनचे व्यवहार करता येत नाहीत. ओटीपी आणि पासवर्ड धाकट्याला देऊन ठेवला, तर तोटा, कर आणि जबाबदारी सगळी थोरल्याची. एक प्रश्न मात्र चुकवू नका: पैसे कुठून आणलेस? कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून किंवा मित्रांकडून आणले असतील तर त्याच दिवशी घरच्यांना बोलवा, तुम्ही सोबत बसा, आणि बोलणं त्याला घालूनपाडून बोलण्यावर जाऊ देऊ नका. रकमेपेक्षा लपवाछपवीनेच अशी प्रकरणं हाताबाहेर जातात. तो तयार झाला तर त्याला स्पर्धेत खेळाडू न करता खर्चाचा हिशेब तपासणारा करा. या कामात वर्गात त्याच्याइतकं कोणाला कळत नसेल.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. एसआयपीपुरतं ज्ञान आहे म्हणता, ते या कामाला कमी नाही. ताळेबंद तुम्ही रोज शिकवता, आणि या स्पर्धेत नव्वद टक्के काम ताळेबंदाचंच आहे. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची गुंतवणूकदारांसाठीची परीक्षा ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. तिचं अभ्यास साहित्यही तिथेच मिळतं. सुट्टीत ती देऊन टाका.

मग शिक्षक-खोलीत चार सहकाऱ्यांना घेऊन दोन सोमवार खेळून बघा, तक्त्यातल्या चुका तिथेच सापडतील. बारावीची परीक्षा तोंडावर असते, म्हणून स्पर्धा अकरावीपुरती ठेवा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू केलीत तर आठ सोमवार जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी पुरे होतात. टॅबऐवजी पहिल्या तीन गटांना एमआयडीसीतला एखादा कारखाना आतून पाहायला न्या. कारखानदार बहुधा नाही म्हणत नाहीत, फक्त पत्र महिनाभर आधी कॉलेजच्या लेटरहेडवर द्या. पंधरा कंपन्यांची यादी आणि पहिला तक्ता तयार झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. बोनस आणि तुकड्यांच्या तारखा मी तपासून देते.